नळापासून घागरीपर्यंतचे दहा तास

दक्षिण सुदानच्या ईशान्य टोकाला माबान नावाचा भाग आहे. जमीन सपाट, माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पाणी धरून बसते, गाड्या चाकापर्यंत रुततात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 2011 पासून सीमेपलीकडे, सुदानच्या ब्लू नाईल प्रांतात लढाई आणि बॉम्बफेक सुरू झाली आणि लाखाहून जास्त माणसं चालत चालत या मातीवर येऊन थांबली. जमाम, बातिल, दोरो, जेंद्रासा अशा छावण्या उभ्या राहिल्या. मदतसंस्थांनी बोअर घेतले, टाक्या बसवल्या, पाण्यात क्लोरीन घातलं, नळकोंडाळी बांधली.

तरीही 2012 च्या पावसाळ्यात तिथे हिपॅटायटिस ई पसरला. ही दूषित पाण्यातून येणारी कावीळ. धडधाकट माणूस बहुधा काही आठवड्यांत बरा होतो; पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार झालेल्या बायकांपैकी पाचातली एक दगावू शकते. अशा छावणीत शौचालयं कमी, हात धुवायला पाणी अपुरं, पावसात सगळीकडे चिखल, तेव्हा कारणं एक ना दोन. पण पाण्याचं काम करणाऱ्यांना एक प्रश्न सतावत होता. नळावर तपासलं तर पाण्यात क्लोरीन सापडत होतं. मग घरात पोचेपर्यंत त्याचं होतं काय?

उत्तरासाठी आधी क्लोरीन समजून घ्यायला हवं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तेच हे. जलसुरक्षक नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन ओटीचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं मानतो. छावण्यांमध्ये बहुतेकदा थेंबांऐवजी छोटी गोळी असते आणि रंग गुलाबी येतो.

क्लोरीनची कामं दोन. पहिलं मारण्याचं. पाण्यात मिसळलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं. या आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतल्या प्रथिनांची मोडतोड करतो. पाण्याचा सामू 8 च्या वर गेला, तर यातल्या बहुतेक रेणूंचं भारित आयनात रूपांतर होतं आणि धार बोथट होते. पाणी गढूळ असेल तर जंतू मातीच्या कणांआड लपतात, शिवाय पाण्यातला पालापाचोळा, लोह, शेवाळ हेच आधी क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी तुरटीनं गाळ खाली बसवायचा, मग क्लोरीन घालायचं, मग निदान अर्धा तास थांबायचं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा एखादा परजीवी क्लोरीनलाही दाद देत नाही, पण पटकीच्या जिवाणूसाठी ते पुरेसं असतं.

दुसरं काम राखणीचं. जंतू मारून झाल्यावर जे क्लोरीन पाण्यात शिल्लक राहतं, ते नंतर आत येणाऱ्या जंतूंना अडवतं. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम शिल्लक असेल तर राखण चालू आहे असं धरतात. म्हणजे 20 लिटरच्या कॅनमध्ये अवघे 4 मिलिग्रॅम. माझ्या मते या सगळ्या विषयाचा जीव या चार मिलिग्रॅममध्ये आहे.

सय्यद इम्रान अली या पाणी-अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दक्षिण सुदानच्या छावण्यांत एक साधी गोष्ट केली. नळावर थांबण्याऐवजी ते पाण्याच्या मागे चालत गेले. बाईनं नळावर कॅन भरला की एक चाचणी, झोपडीत पोचल्यावर दुसरी, काही तास घरात राहिल्यावर आणखी. शहरातल्या नळाचं पाणी थेट ओट्यावरच्या भांड्यात पडतं, त्यामुळे नळाशी 0.2 असलं तरी निभावतं. छावणीत मात्र नळ म्हणजे निम्मा प्रवास. पुढे तेच पाणी उघड्या कॅनमधून डोक्यावर जातं, उन्हात तापतं, आतून बुळबुळीत झालेल्या भांड्यात रात्रभर राहतं, दहा हातांनी त्यात पेला बुडतो. उष्णता, ऊन, भांड्यातला थर आणि हातावरचा मळ, चौघं मिळून क्लोरीन संपवतात. अलींच्या गटानं मांडलेलं गणित असं, की घरात दहा तासांनंतरही 0.2 शिल्लक हवं असेल तर तिथल्या परिस्थितीत नळावर लिटरमागे 1 मिलिग्रॅम हवं. तेव्हाची सर्वसाधारण शिफारस मात्र 0.2 ते 0.5 एवढीच होती, आणि तिची मुळं शहरी पाणीपुरवठ्याच्या अनुभवात होती.

मग सगळीकडे भरपूर क्लोरीन टाकून मोकळं व्हावं, असं वाटेल. ते जमत नाही, कारण माणसाला जीभ असते. वास आणि चव फार झाली की लोक ते पाणी ओततात आणि ओढ्याचं गोड पाणी आणतात. आपल्याकडेही टीसीएलचा वास आला की कितीजण ते पाणी फक्त धुण्याभांड्याला वापरतात! मारण्याइतकं कडक आणि पिण्याइतकं सौम्य, या दोन रेघांच्या मधली जागा अरुंद आहे. शिवाय ती प्रत्येक छावणीत, प्रत्येक मोसमात वेगळी असते.

भांड्याबद्दल एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मोझांबिकमधल्या यादवीतून पळालेले लोक 1993 मध्ये मलावीतल्या एका छावणीत राहत होते. तिथे काही कुटुंबांना झाकण आणि तोटी असलेली बादली दिली, बाकीच्यांकडे नेहमीचीच भांडी राहिली. पाणी सगळ्यांचं एकच. नव्या बादलीतल्या पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण सरासरी 69 टक्क्यांनी कमी भरलं आणि त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाब 31 टक्क्यांनी कमी झाले. एका तोटीमुळे हात पाण्यात जाईनासा झाला, बस्स. आपल्या शाळांच्या भिंतींवर माठ आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याचं चित्र असतं, त्यामागचं शास्त्र हेच आहे. जंतू फक्त विहिरीतून येत नाही, तो बोटांवरूनही येतो.

अर्थात हा सगळा हिशेब पाणी नळापर्यंत आलं तरच. जुलै 1994 मध्ये रवांडातून पाच ते आठ लाख माणसं काही दिवसांत सीमा ओलांडून शेजारच्या झैरमधल्या (आताचं काँगो) गोमा शहराभोवती गोळा झाली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. खोदता येईना, त्यामुळे ना विहीर, ना शौचाचा खड्डा, ना कबर. जवळ किवू सरोवर होतं, लोक तेच पाणी प्यायले. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेलं पाणी माणशी दिवसाला सरासरी 0.2 लिटर, म्हणजे एक पेला. पटकी आणि रक्ताची हगवण एकापाठोपाठ आली. पहिल्या महिन्यात सुमारे 50 हजार माणसं मेली, त्यातली बहुतेक जुलाबांनी. दर दहा हजारांत रोज एक मृत्यू झाला तरी आणीबाणी मानतात, गोमात तो आकडा 20 ते 35 होता. त्या अनुभवानं हादरलेल्या मदतसंस्थांनी पुढे एकत्र बसून किमान मानकं लिहिली. माणशी दिवसाला 15 लिटर, एका नळामागे जास्तीत जास्त 250 माणसं, घरापासून नळ 500 मीटरच्या आत. पिण्याला दोन-तीन लिटर पुरतात हे खरं, पण हात आणि भांडी धुवायला पाणी नसेल तर पिण्याचं पाणी कितीही शुद्ध असून उपयोग नाही.

छावणीतून शहरात या, तिथे साखळी आणखी लांब होते. नदी, पंप, गाळणी, क्लोरीन, वीज, डिझेल, स्वयंपाकघरातला नळ. यातली एक कडी तुटली तरी पाणी थांबतं. नोव्हेंबर 2017 मध्ये येमेनची बंदरं अडवली गेली तेव्हा होदेदा, सादा आणि ताइझ या शहरांचं स्वच्छ पाणी बंद झालं. तिथले पंप शाबूत होते, चालवायला इंधन नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत येमेनमध्ये पटकीच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली होती.

युक्रेनमधलं दोनेत्स्क जलशुद्धीकरण केंद्र कित्येक वर्षं दोन सैन्यांच्या बरोबर मधे उभं होतं. तीन लाखांहून जास्त लोक त्याच्यावर अवलंबून, आणि आत क्लोरीन वायूचा साठा. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर सोडलेला वायू तो हाच. गोळा नेमका त्या साठ्यावर पडला तर पाणी शुद्ध करणारा पदार्थच आसपासच्या वस्तीचा जीव घेईल, ही भीती तिथे रोजची होती. एप्रिल 2018 मध्ये कामगारांच्या बसवर गोळीबार होऊन पाच जण जखमी झाले. केंद्र बंद पडलं, काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. कारण कुणीतरी पुन्हा त्या बसमध्ये बसलं. या माणसांना पदकं मिळत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक करारातलं 54 वं कलम पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेवर हल्ला करायला मनाई करतं. आणि युनिसेफनं 2019 मध्ये प्रदीर्घ संघर्ष चालू असलेल्या 16 देशांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं ते असं: अशुद्ध पाणी आणि अस्वच्छतेमुळे होणाऱ्या जुलाबांनी मरणारी पाच वर्षांखालची मुलं ही थेट हिंसेत मरणाऱ्या त्याच वयाच्या मुलांच्या वीसपटींहून अधिक आहेत. टीव्हीवर धूर दिसतो, हे दिसत नाही.

अलींच्या गटाचं काम दक्षिण सुदानवर थांबलं नाही. नळावरच्या आणि घरातल्या चाचण्यांच्या जोड्या संगणकाला दिल्या, की त्या छावणीत, त्या हवामानात नळावर किती क्लोरीन ठेवावं हे सांगणारी एक प्रणाली त्यांनी तयार केली. बांगलादेशात कॉक्स बाजारजवळ, म्यानमारमधून 2017 मध्ये पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीत ती वापरून पाहिली गेली. संगणक हुशार असला तरी त्याला आकडे लागतात आणि ते गोळा करायला चालावं लागतं. सकाळी नळावर नमुना घ्यायचा, ज्या घरी तो कॅन गेला ते घर लक्षात ठेवायचं, काही तासांनी चढउतारावरच्या बांबूच्या झोपड्यांमधून ते शोधून काढायचं. दारात उभं राहून विचारायचं, पाणी कधी भरलं, झाकलं होतं का, सावलीत होतं का. मग त्याच भांड्यातलं थोडं पाणी नळीत घ्यायचं, गोळी टाकायची आणि गुलाबी रंग येतो का ते बघत थांबायचं.