प्रॉव्हिडन्समधली शाळेनंतरची आघाडी : पार्श्वभूमी

शाळा दुपारी सुटते, आईवडील संध्याकाळी घरी येतात. मधले दोन-तीन तास मुलं कुठे असतात? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्समध्ये, हा प्रश्न 2003 च्या सुमारास ऐरणीवर आला. दागिन्यांच्या आणि कापडाच्या कारखान्यांनी एके काळी पोसलेलं हे शहर. ते कारखाने बंद पडत गेले आणि 2000 च्या जनगणनेत शहरातली सुमारे 40 टक्के मुलं दारिद्र्यरेषेखाली निघाली.

उपक्रम नव्हते असं नाही. क्लब, वाचनालयं, कलासंस्था आपापल्या परीने वर्ग चालवत होत्या. पण कोण कुठे काय करतंय याचा एकत्र हिशेब कुणापाशीच नव्हता. सगळ्यात उपेक्षित होती सहावी ते आठवीची मुलं: पाळणाघरासाठी मोठी, घरी एकटी ठेवायला लहान. केंद्र सरकारने शाळेनंतरच्या केंद्रांसाठीची तरतूद 1998 मधल्या 4 कोटी डॉलरवरून 2002 पर्यंत 100 कोटींवर नेली होती, तरी अनुदान ज्याने अर्ज केला त्याला मिळे. संस्थांना एकमेकींशी जोडायचं काम त्यात कुणाकडेच नव्हतं.

महापौर डेव्हिड सिसिलिनी यांनी वॉलेस फाउंडेशन या खासगी देणगीदार संस्थेच्या मदतीने शंभरावर लोकांना आखणीसाठी एकत्र बसवलं. त्यातून 2004 मध्ये ‘प्रॉव्हिडन्स आफ्टर स्कूल अलायन्स’ ही आघाडी उभी राहिली. वॉलेसने पाच वर्षांसाठी 50 लाख डॉलर दिले. महापौर स्वतः अध्यक्ष झाले, पण संस्था महापालिकेचं खातं न करता स्वतंत्र ठेवली. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.

2005 पासून ‘आफ्टरझोन’ सुरू झाले. एक-दोन शाळा केंद्रस्थानी धरून आसपासच्या संस्थांचे वर्ग एकाच वेळापत्रकात गुंफले. मुलांनी आवडेल ते निवडायचं. एखादा वर्ग दूर असेल तर बस तिथे नेणार आणि शेवटी घराकडेही सोडणार. बसचा खर्च छोट्या संस्थेला एकटीने कधीच झेपला नसता. चांगला वर्ग कशाला म्हणायचं, याचे निकषही संस्थांना सोबत घेऊनच ठरले, त्यामुळे तपासणी त्यांना आपली वाटू शकली.

सिसिलिनी 2011 मध्ये काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य होऊन वॉशिंग्टनला गेले. महापौर बदलले, आघाडीचं काम चालू राहिलं.