‘नाही’ हे सिद्ध करताना: बुळकांडी आणि जमिनीखालचा कार्बन

जनावरांचे रोग आटोक्यात आणणे आणि कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा गाडणे या दोन संशोधनशाखांचा वरवर पाहता काही संबंध नाही. तरी दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचला की एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. रोग उरलेला नाही, वायू निसटलेला नाही, हे ठामपणे सांगायचे कशाच्या आधारावर? लस टोचली किंवा वायू खाली सोडला की काम झाले असे वाटते. कसोटी मात्र त्यानंतर लागते, आणि पैसा व लक्ष नेमके तेव्हाच आटते. माझ्या मते या दोन्ही क्षेत्रांत हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

पशुवैद्यकाच्या इतिहासात बुळकांडीइतका धडा दुसऱ्या कोणत्याच रोगाने दिला नसेल. गुरांच्या या विषाणूजन्य रोगात सणकून ताप, डोळ्यानाकातून स्राव, तोंडात व्रण, मग पाण्यासारखी हगवण, आणि आजारी पडल्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत जनावर दगावते. 1711 नंतर ही साथ इटलीत पसरली तेव्हा पोपचे वैद्य लॅन्चिसी यांनी रोगी गुरे मारून पुरणे, जनावरांची ने-आण बंद करणे असे कडक उपाय सुचवले. रोगाचे कारण कोणालाच माहीत नव्हते, तरी हे उपाय लागू पडले. फ्रान्समध्ये ल्याँ येथे 1761 मध्ये पशुवैद्यकाचे पहिले विद्यालय निघाले, त्यामागेही अशाच साथींची धास्ती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी आफ्रिकेत शिरली आणि काही वर्षांत दक्षिण टोकापर्यंत पोहोचली. इथिओपियात 1888 पासूनच्या भीषण दुष्काळाला तिने हातभार लावला, कारण नांगराला बैलच उरले नाहीत. 1896 मध्ये जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे बोलावण्यात आले. त्यांनी सुचवलेला उपाय ओबडधोबड होता: रोगाने मेलेल्या गुराचे पित्त निरोगी गुराच्या कातडीखाली टोचायचे. त्याने संरक्षण मिळे, पण कधीकधी रोगही लागे.

हिंदुस्थानात याच कामासाठी 1889 मध्ये पुण्यात सुरू झालेली सरकारी प्रयोगशाळा 1893 मध्ये हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. असे जिवाणू-विषाणू हाताळायचे तर वस्तीपासून दूर असलेलेच बरे, हा त्यामागचा विचार. तिथे 1920च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा अनेकदा फिरवून गुरांसाठी सौम्य केला. शेळीच्या पेशीजालापासून बनणारी ही लस स्वस्त होती आणि दीर्घ काळ वापरात राहिली. काही नाजूक जातींच्या गुरांना मात्र ती झेपत नसे. पुढे केनियात मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनातून तयार केलेली लस सर्व जातींना, सर्व वयांच्या जनावरांना चालली आणि एका टोचणीत जन्मभराचे संरक्षण देऊ लागली.

इतके चांगले हत्यार हाती आल्यावर रोग संपायला हवा होता. आफ्रिकेत 1962 ते 1976 या काळात अनेक देशांनी मिळून मोठी लसीकरण मोहीम चालवली आणि बुळकांडी जवळपास दिसेनाशी झाली. मोहीम आवरली, पथके विखुरली. दुर्गम भागांत रोगाची दोन-चार ठिकाणे शिल्लक होती, तिकडे कोणी पाहिले नाही. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बुळकांडी पुन्हा उसळली आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरली.

1994 मध्ये जागतिक निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तो हा अनुभव गाठीशी बांधूनच. आता पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. लस टोचलेल्या गुराच्या रक्तात जी प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, तयार होतात, तीच रोग होऊन गेलेल्या गुराच्या रक्तातही असतात. म्हणजे लसीकरण चालू असेपर्यंत रक्ततपासणीवरून रोग आहे की नाही हे कळायला मार्गच नाही. तेव्हा निर्मूलन सिद्ध करायचे तर लस थांबवावी लागते, त्यानंतर जन्मलेल्या वासरांचे रक्त तपासावे लागते आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ज्या लसीने संरक्षण दिले तीच बंद करण्याचे धैर्य अनेक देशांच्या पशुसंवर्धन खात्यांना दाखवावे लागले.

या पाळतीत सर्वांत उपयोगी ठरले ते पशुपालक. पूर्व आफ्रिकेतल्या भटक्या मेंढपाळांना आणि गुराख्यांना बुळकांडीची लक्षणे नेमकी ठाऊक होती. कोणत्या वर्षी, कोणत्या पाणवठ्यावर, कोणाच्या कळपात ती दिसली हे ते सांगत. थंडाव्याशिवाय महिनाभर टिकणारी लसही त्यांच्यातल्याच प्रशिक्षित लोकांनी दूरवर नेली. शेवटचा ज्ञात रुग्ण 2001 मध्ये केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानटी म्हशींत सापडला. निर्मूलनाची घोषणा झाली 2011 मध्ये. मधली दहा वर्षे केवळ शोधण्यात गेली, आणि ती वाया गेली असे म्हणणाऱ्याने 1980चे दशक आठवावे.

जमिनीखालच्या कार्बनची कथा वयाने लहान आहे. 1972 पासून टेक्सासमधल्या तेलक्षेत्रात उरलेले तेल वर ढकलण्यासाठी कार्बन डायऑक्साइड खाली सोडला जात होता. तिथे हेतू तेलाचा होता, हवामानाचा नव्हता. 1977 मध्ये चेझारे मार्केट्टी यांनी हा वायू गोळा करून खोल समुद्रात सोडण्याची कल्पना मांडली. नंतर विचार समुद्राकडून खडकांकडे वळला. साधारण 800 मीटरखाली दाब आणि उष्णता इतकी असते की वायू द्रवासारखा दाट होतो, थोड्या जागेत भरपूर मावतो, आणि वर अभेद्य खडकाचे झाकण असेल तर अडकून राहतो.

1986 मध्ये कॅमेरूनमधल्या न्योस सरोवराच्या तळाशी साठलेला ज्वालामुखीजन्य कार्बन डायऑक्साइड एका रात्री उसळला, आणि सुमारे 1,700 माणसे व हजारो गुरे गुदमरून मेली. खडकातल्या साठवणुकीशी त्याचा थेट संबंध नाही, तिथली यंत्रणा वेगळी होती. पण या तंत्राविषयी ऐकल्यावर लोक ‘तो वर आला तर?’ असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून झटकणे मला पटत नाही.

नॉर्वेने 1991 मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनाच्या कार्बनवर कर लावला. स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे 9 टक्के होते आणि विक्रीसाठी तो वेगळा काढावाच लागे. 1996 पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा वाळूखडकात सोडला जाऊ लागला, वर्षाला जवळपास 10 लाख टन. वायू सोडण्यापूर्वी, 1994 मध्येच, त्या भागाचे भूकंपासारख्या कृत्रिम लहरींनी चित्र घेऊन ठेवले होते. ही दूरदृष्टी फार कामाची ठरली. 1999 मध्ये पुन्हा चित्र घेतले तेव्हा जुन्या चित्रात नसलेले ठळक पट्टे उमटले. वायू खडकातल्या चिकणमातीच्या पातळ थरांना ओलांडत, नऊ पातळ्यांवर पसरत, अपेक्षेपेक्षा लवकर सर्वांत वरच्या झाकणापर्यंत पोहोचला होता. झाकणाने तो अडवला. पण खडक आतून कसा आहे याचा आधीचा अंदाज अपुरा होता, हे पाळत ठेवली म्हणूनच कळले.

सगळीकडे इतके सुरळीत झाले नाही. अल्जीरियातल्या इन सालाह येथे उपग्रहांनी जमीन काही मिलिमीटर उचलली जात असल्याचे टिपले. झाकणाच्या खडकाविषयी शंका आली आणि 2011 मध्ये वायू सोडणे थांबवले गेले. नॉर्वेच्याच स्नोव्हिट येथे दाब भराभर वाढल्याने दुसरा थर निवडावा लागला. कॅनडातल्या वेबर्न येथे शेजारच्या जमीनमालकांनी तळ्यातून बुडबुडे येत असल्याची तक्रार केली. इथे अडचण अगदी बुळकांडीसारखीच होती. मुळे आणि मातीतले जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतच असतात. मातीत तो सापडला म्हणजे खालून आला असे म्हणता येत नाही. ऑक्सिजन आणि नायट्रोजनशी त्याचे प्रमाण ताडून पाहिल्यावर तो मातीतलाच असल्याचा निष्कर्ष तपासातून निघाला.

अशाच शंकांपोटी नियमही घडले होते. युरोपीय संघाच्या 2009च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यावर सर्वसाधारणपणे किमान 20 वर्षे जबाबदारी कंपनीची राहते. अमेरिकेच्या 2010च्या नियमात वायू सोडणे थांबल्यावर पाळत ठेवण्याचा काळ सामान्यतः 50 वर्षांचा धरला आहे.

सध्याचे बरेचसे संशोधन ‘आपले’ आणि ‘परके’ वेगळे ओळखता यावे यासाठी चालले आहे. आइसलँडमध्ये 2012 मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकात सोडला गेला, तेव्हा त्यात किरणोत्सारी कार्बनची खूण मिसळली होती. त्या खुणेमुळेच 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे 2016 मध्ये सांगता आले. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा बुळकांडीच्याच कुळातला रोग 2030 पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट 2015 मध्ये ठरले. त्याच्यासाठीही अशी खुणेची लस शोधली जात आहे, जिची प्रतिपिंडे रोगाच्या प्रतिपिंडांपासून रक्तातच वेगळी ओळखता येतील. ती हाती आली तर पाळत ठेवण्यासाठी लसीकरण थांबवण्याची जोखीम घ्यावी लागणार नाही. तोवर हा रोग नव्या ठिकाणी डोके वर काढतोच आहे: 2016-17 मध्ये मंगोलियातल्या सायगा हरणांत, 2024 मध्ये ग्रीस आणि रुमानियात.