वर्गाबाहेरचा एक तास

प्रयोगाला दहा मिनिटं उरलीत आणि डावीकडचा दिवा लागत नाहीये. कॉलेजच्या नाट्यमंडळात प्रकाशयोजना सांभाळणारी मुलगी आधी प्लग बघते. मग उजवीकडचा दिवा काढून इथे लावून पाहते. तोही लागत नाही, म्हणजे वायरच गेलेली. प्राध्यापक बाजूला उभे आहेत, पण पुढे येत नाहीत. एवढंच विचारतात, "जादा वायर कुठे ठेवलीय?"

त्यांचं ते पुढे न येणं मला महत्त्वाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये 'स्वक्षमते'ची कल्पना मांडली. 'हे मला जमेल' हा भरवसा इतरांना पाहून येतो, कुणी धीर दिला की येतो, छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो यावरही ठरतो. पण सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्यावर. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवून जे मिळत नाही, ते वायर बदलताना मिळतं. मात्र काम अगदीच आवाक्याबाहेरचं असेल तर माणूस पळ काढतो. म्हणून तो बाजूला उभा असलेला आधारही हवाच.

उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४मध्ये मांडलेला सहभागाचा सिद्धांतही याच्या जवळ जातो: विद्यार्थी जितका वेळ आणि जीव ओततो, तितका घडतो. नुसतं नाव नोंदवून भागत नाही. (प्रमाणपत्रापुरते उगवणारे प्रत्येक मंडळात असतात.)

इथे एक शंका रास्त आहे. मंडळात जाणारी मुलं मुळातच हुशार, धीट असतील तर? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून प्रयोग करावे लागतात. मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेत असा प्रयोग केला, मंडळांवर नाही, पण कॉलेज आपलंसं वाटण्यावर. तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या काही मुलांना त्यांनी सीनिअर्सचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, हळूहळू रुळलो. काम जेमतेम तासाभराचं. पण पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत निम्म्यावर आली.

मग कॉलेजांनी हा तास उरकला की झालं? तसं नाही. २०२३मध्ये २२ संस्थांमधल्या २६,९११ विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास आला. जिथे त्या मुलांना आपलंसं वाटायला खरोखर वाव होता, तिथेच त्यांना या तासाचा फायदा झाला. 'तूही इथलाच' असं सांगायचं आणि शिरायला दारच ठेवायचं नाही, तर ते शब्द वाऱ्यावर जातात.

मला वाटतं, बरीच मंडळं इथेच चुकतात. आधीच येणाऱ्यांना चाचणी घेऊन आत घेतात आणि न येणाऱ्यांना प्रेक्षकांत बसवतात. त्या मुलीलाही पहिल्या वर्षी वायर कशी गुंडाळायची हे ठाऊक नव्हतं.