कवळीची बिजागरी

खालची कवळी वरच्या कवळीसारखी घट्ट बसत नाही, हे वापरणाऱ्याला पहिल्याच घासाला कळतं. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार असतो आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती तिथे चिकटून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी अरुंद. आतून जीभ ढकलते, बाहेरून ओठ आणि गाल. त्यात पायाच खचत असतो. दात गेले की जबड्याचं हाड झिजू लागतं. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं माग ठेवून १९७२मध्ये दाखवून दिलं, की पुढच्या भागातली ही झीज वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात सुमारे चौपट होते. म्हणून कितीतरी घरांत जेवायच्या वेळी आजीची कवळी डबीत असते आणि भाकरी दुधात कुस्करलेली. ‘आता वय झालं’ म्हणून हे सोडून देणं मला मुळीच पटत नाही.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारे टायटॅनियमचे स्क्रू, बसवले. पुढे २००२मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की एकही दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हाच पहिला पर्याय असावा. हे दोन इम्प्लांट साधारण सुळ्यांच्या जागी बसवतात. उपदाढांच्या खाली ओठाकडे जाणारी नस हाडातून बाहेर येते. दोन्ही बाजूंच्या त्या छिद्रांच्या मधलं हाड त्या मानाने सुरक्षित आणि टणक असतं.

कवळी अडकवायला प्रत्येक इम्प्लांटवर वेगळं बटण लावता येतं, किंवा दोन्ही इम्प्लांट एका धातूच्या दांडीने जोडता येतात. ही दांडी म्हणजे बार. कवळीच्या आतल्या बाजूला क्लिप असते, ती बारवर टचकन बसते.

बारचं काम फक्त कवळी धरून ठेवायचं, असा समज असतो. पण तिला वळूही द्यायचं असतं. इम्प्लांट हाडात पक्का, जवळजवळ न हलणारा. मागची हिरडी मात्र मऊ, दाबली की दबणारी. दाढांनी घास चावला की कवळीचा मागचा भाग किंचित खाली जातो. तेव्हा पुढची पकड ताठ असेल तर कवळी तरफेसारखी इम्प्लांटला उपटू पाहते. झुरिकचे दंततज्ज्ञ ऑयगेन डोल्डर यांच्या एका बारचा छेद म्हणूनच अंड्याच्या आकाराचा आहे. क्लिप त्याच्याभोवती फिरते, म्हणजे बार बिजागरीची दांडी होते आणि मागचा भार हिरडी वाटून घेते. त्यांचाच दुसरा बार सरळ उभ्या भिंतींचा, वळू न देणारा. तो चार इम्प्लांट असतील आणि सगळा भार त्यांनीच पेलायचा असेल तेव्हा शोभतो.

बिजागरीची दांडी वाकडी असेल तर दार फिरेल का? इथेच खरी अडचण आहे. जबडा पुढे गोलाकार असतो, त्यामुळे बारही त्या वळणाने वाकवावा असा मोह होतो. तसं केलं की फिरणं बंद, शिवाय पुढे आलेला बार दोन्ही इम्प्लांटना पिळतो. सरळ ठेवावा, तर निमुळत्या जबड्यात तो जिभेच्या जागेत घुसतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की आधी कवळी आणि बार कागदावर उतरावेत, हाडाला भोक त्यानंतर. इम्प्लांट बसून गेल्यावर बारचा विचार करणं म्हणजे चौकट बसवल्यावर दाराचं माप घेणं.

लांबीचंही गणित आहे. तुळईचा नियम इथेही चालतो: उंची तीच ठेवून दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, तर वाक आठपट होतो. अंतर फार कमी केलं तर क्लिपला जागा उरत नाही. सुमारे २० मिलिमीटर मोकळे मिळाले तर काम छान जमतं. वरच्या दिशेनेही जागा हवी. इम्प्लांटच्या माथ्यापासून कवळीच्या दातांच्या कडेपर्यंत साधारण १३-१४ मिलिमीटर. ती नसेल तर बारवरचं प्लास्टिक पातळ राहतं आणि कवळी तिथेच तडकते. अशा वेळी बटणंच बरी.

बार इम्प्लांटवर सहज टेकला पाहिजे, स्क्रू आवळून ओढून आणलेला नको. नैसर्गिक दाताभोवती लवचीक तंतू असतात, ते थोडं सांभाळून घेतात. इम्प्लांटला ती सोय नाही. तपासायची रीत साधी आहे: एकाच टोकाचा स्क्रू आवळायचा आणि दुसरं टोक उचललं जातं का ते पाहायचं. ओतीव बार थंड होताना आकसतो, म्हणून आता बरेच बार टायटॅनियमच्या ठोकळ्यातून संगणकाच्या मदतीने कोरून काढतात.

बार आणि हिरडी यांच्यामध्ये ब्रश जाईल एवढी फट ठेवावी लागते. ती फार अरुंद असेल तर अन्न साचतं आणि हिरडी सुजून वर बारपर्यंत वाढते. रोज कवळी काढून बारच्या खालून छोटा ब्रश किंवा जाड फ्लॉस फिरवायचा. क्लिप प्लास्टिकची असेल तर वापराने सैल होणारच. कवळी पुन्हा हलू लागली की बहुतेक वेळा तीच झिजलेली असते, आणि ती बदलणं दवाखान्यातल्या एका भेटीचं काम आहे.