म्हातारा कुत्रा, जागल आणि न्यूमोनिया

तूर फुलावर आली की वावरात जागल सुरू होते. रानडुकरांमागे धावणारा कुत्रा रात्रभर दवात भिजतो. ३ वर्षांचा असेल तर सकाळी अंग झटकून मोकळा. ११ वर्षांचा तोच कुत्रा दोन दिवसांनी भाकरीला तोंड लावत नाही, बसल्या जागी धापतो आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारा झाला बिचारा.’

यातच न्यूमोनिया लपून जातो. उतारवयात खोकल्याचा जोर ओसरतो, प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे फुप्फुसात शिरलेले जंतू आणि कफ बाहेर पडत नाहीत. जोरात खोकला येईलच असे नाही, तापही नसू शकतो. हात लावून ताप पाहणे तर निव्वळ फसवे, कारण निरोगी कुत्र्याचेच अंग १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. कोरड्या नाकावरूनही काही ठरत नाही.

त्यापेक्षा श्वास मोजा. कुत्रा सावलीत गाढ झोपलेला असताना बरगडी वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला ३० पर्यंत ठीक. पुन्हा पुन्हा त्याहून जास्त भरले तर दवाखाना गाठा. उन्हातून आल्यावर जीभ काढून चाललेली धाप यात धरू नका, ती अंग थंड करण्याची रीत आहे. पण कुत्रा आडवा होईना, कोपरे फाकवून मान ताणून बसला, हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या, तर रात्र उलटू देऊ नका.

आपल्याकडची एक सवय मात्र घातक आहे. बैलाला नळीने औषध पाजतो तसा कुत्र्याचा जबडा उघडून काढा, हळदीचे दूध, तेल ओतले जाते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या घशाचे झाकण नीट मिटेलच असे नाही, ओतलेले थेट श्वासनळीत उतरू शकते. तेल तर फारसा ठसकाही न आणता फुप्फुसात जाऊन बसते. नसलेला न्यूमोनिया असा घरीच तयार होतो.

हृदय थकलेला कुत्राही असाच धापतो. म्हणून गावात कोणाकडून तरी सलाईन लावून घेऊ नका. हृदयविकारात तेच पाणी फुप्फुसात साचते. खरे निदान छातीच्या एक्स-रेवर होते. तालुक्याला ती सोय नसेल तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

उपचारात मुख्य औषध प्रतिजैविक. ते बरेच दिवस चालते. कुत्रा खाऊ लागला म्हणून मध्येच सोडू नका. श्वास फार लागला असेल तर प्राणवायू द्यावा लागतो. खोकला दाबणारे सिरप नको, कफ बाहेर यायला हवा. माणसाची आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच नको, तिने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

घरी डॉक्टरांना विचारून तळहाताची ओंजळ करून बरगड्यांवर हलके थोपटावे, कफ सुटतो. उठत नसेल तर दर काही तासांनी कूस बदलावी. भाकर पातळ वरणात कुस्करून, तो नीट बसलेला असताना, थोडी थोडी द्यावी. निजायला चुलीजवळची जागा त्याला आवडते, पण धूर त्याला सोसत नाही. सपरीच्या आडोशाला तणीस पसरून वर गोणपाट टाकले की पुरे.