'सेवा' कुणाची? सोलापूरच्या मंडळीतल्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आमच्याकडे सोलापुरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, "सेवेत कोण आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, पाळकसाहेब (पास्टर), फार तर एखादा पूर्णवेळ प्रचारक. बाकी आपण सगळे सभासद. वार्षिक सभा जवळ आली की यावर परत बोलणं निघतं म्हणून थोडं मागचं सांगतो.

बायबलातलं १ पेत्र २:९ ('तुम्ही राजकीय याजकगण') सगळ्यांना पाठ आहे, १५२० मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन मठवाशाने बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण याजक असं लिहिलं तेही माहीतच आहे. घोळ आहे तो इफिसकरांस ४:१२ मध्ये, आणि तोही एका स्वल्पविरामाचा! १६११ च्या इंग्रजी बायबलात 'पवित्र जनांना (म्हणजे सगळ्या विश्वासूंना) पूर्ण करणे' च्या पुढे स्वल्पविराम आहे, त्यामुळे पाळक-शिक्षकांची तीन वेगवेगळी कामं होतात आणि सेवा त्यातलंच एक. तो काढला की पाळकांनी लोकांना तयार करायचं आणि सेवा लोकांनी करायची. मूळ ग्रीकच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखे स्वल्पविराम नव्हतेच, म्हणजे तो टाकणाऱ्याचा निर्णय. आपलं मराठी बायबल पवित्र जनांना सेवेच्या कार्याकरिता सिद्ध करावे असंच वाचतं. काही अभ्यासक अजूनही तीन कामंच म्हणतात, पण ग्रीकमध्ये पहिल्या कामाला एक अव्यय आणि पुढच्या दोन्हींना दुसरंच आहे, ते मला तरी उगाच बदललेलं वाटत नाही (पुरावा म्हणून एवढं पुरत नाही हे मान्य). शिवाय 'सिद्ध करणे' साठी जो शब्द आहे त्याच घरातला शब्द मार्क १:१९ मध्ये जाळी नीट करण्यासाठी आलाय.

'पाचारण' चंही तसंच. पेपरात अग्निशामक दलाला पाचारण होतं, मंडळीत फक्त पाळकाला. पण ग्रीकमध्ये 'पाचारण' आणि 'मंडळी' दोन्ही शब्द बोलावणे या एकाच धातूचे, मग बोलावलं नाही असा मंडळीत उरतो कोण?

आता आपल्याकडचं. अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत, १८३१ ला नगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आले. त्यांच्या मायदेशातल्या मंडळ्यांत बिशप (पाळकांवरचा धर्माधिकारी) नाही, पाळक मंडळीच निवडायची, पण इथे पगार मिशनचा त्यामुळे सेवक म्हणजे पगारी माणूस हे डोक्यात पक्कं बसलं. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनच्या मुख्य कचेरीचं शिष्टमंडळ आलं, त्यांचा जोर देशी पाळक आणि आपल्या पायावर उभ्या मंडळ्या यावर होता, पण सवय काय लगेच जात नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ पोरं, उपाशी माणसं मिशनच्या दारात आली आणि दीक्षित (रीतसर दीक्षा मिळालेले) पाळक मोजकेच. खेड्यात उपासना चालवायचा शाळामास्तर, घरोघर वचन वाचून दाखवायच्या बायबल वूमन, आणि कागदोपत्री हे सगळे 'मदतनीस'.

१९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आमच्या जुन्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा बिशप मिळाला. कमिट्यांमध्ये सभासदांना जागा मिळाली पण प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षारसाचा) विधी दीक्षितांकडेच, यावर घराघरात दोन मतं आहेत. १९६५ ला रोममध्ये कॅथलिकांच्या महासभेत सामान्य विश्वासूंवर स्वतंत्र दस्तऐवज निघाला आणि जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमाच्या मसुद्यात तर सेवेचा भाग देवाच्या सगळ्या लोकांच्या पाचारणापासूनच सुरू होतो, दीक्षित नंतर येतात.

आमच्या अहवालात मात्र संडे स्कूल घेणाऱ्या बाईंच्या नावापुढे आजही 'मदत' असंच छापतात.