‘द बर्मीज हार्प’ मागवताना वर्ष लिहा!

आमच्याकडून खेळासाठी प्रत आणि मराठी सबटायटल्स नेणाऱ्या फिल्म सोसायट्यांसाठी हा कागद काढावा लागला, त्याला कारण ‘द बर्मीज हार्प’ हा एकच जपानी चित्रपट. इतर युद्धपट मागवताना क्वचितच घोळ होतो. याच्या बाबतीत मात्र चुकीची प्रत जाते, आणि ते कळतं खेळाच्या दिवशी, सभासद खुर्च्यांवर येऊन बसल्यावर.

भानगड अशी आहे की या नावाचे चित्रपट दोन आहेत आणि दोन्ही दिग्दर्शक कोन इचिकावा यांचेच. पहिला १९५६ चा, कृष्णधवल. दुसरा १९८५ चा, रंगीत. कथा तीच, मिचिओ ताकेयामा यांच्या कादंबरीवरची. दोन्हींना पटकथेचं श्रेयही नात्तो वादा यांचंच. त्यामुळे अर्जावर ‘इचिकावांचा पाठवा’ असं लिहिलंत तरी आम्हाला काहीच बोध होत नाही. ‘जुना पाठवा’ म्हणालात, तर १९८५ चाही आता जुनाच झालाय. वर्ष लिहिलेलं नसेल तर आम्ही फोन करून विचारतो आणि उत्तर येईपर्यंत प्रत बाहेर पडत नाही. काहीजण यावर वैतागतात. पण दोन्हींची परवानगी वेगळी, सबटायटल्सची फाइल वेगळी. एकीची फाइल दुसऱ्याला लावून बघा, थोड्याच वेळात नायक मिझुशिमाचं वाक्य त्याच्या तुकडीच्या कॅप्टनच्या तोंडी येतं.

दुसरी तक्रार लांबीची. ‘कुठेतरी १४३ मिनिटं वाचलं, तुमची प्रत ११६ चीच कशी? कापलीत का?’ नाही हो, आम्ही कात्री लावत नाही. जपानमध्ये १९५६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चित्रपट दोन भागांत लागला होता, ती बेरीज १४३. पुढे बाहेरच्या देशांत गेला तो ११६ मिनिटांचा एकसंध चित्रपट. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला तो १९५६ मध्येच, ऑस्करचं नामांकनही त्याच वर्षाचं.

कोणता घ्यावा? आमचं मत विचाराल तर पहिला. सुरुवातीलाच पडद्यावर अक्षरं येतात की बर्माची माती तांबडी आहे, आणि समोर सगळं काळं-पांढरं! ती तांबडी माती प्रेक्षकाला स्वतःच्या मनात रंगवावी लागते. रंगीत आवृत्तीत ती डोळ्यांना आयतीच मिळते. अर्थात तोही चित्रपट वाईट नाही, जपानमध्ये चांगला चालला, आणि कृष्णधवल म्हटलं की उठून जाणारे सभासद असतील तर तोच न्या.

पण पहिल्या चित्रपटातला मिझुशिमा, तुकडीत हार्प हे तंतुवाद्य वाजवणारा जपानी सैनिक, म्हणजे नट शोजी यासुई, चुकवू नये असा. दुसरं महायुद्ध संपलंय, तरी त्रिकोणी डोंगरावरची जपानी तुकडी शरण यायला तयार नाही. त्यांचं मन वळवायला याला मिळतात फक्त तीस मिनिटं. ते ऐकत नाहीत, तोफा सुरू होतात, वाचतो हा एकटा. ज्या भिक्खूने त्याची शुश्रूषा केली त्याचंच चीवर चोरून तो साथीदारांकडे, मुदोनच्या युद्धकैद्यांच्या छावणीकडे निघतो. वाटेत लोक त्याला खरा भिक्खू समजून भिक्षा घालतात. तो खातो, पण नजर वर करत नाही. मग जागोजागी बेवारस पडलेली जपानी सैनिकांची प्रेतं दिसतात. काहींना तो मूठमाती देतो, पण नदीकाठचा ढीग पाहून धीर सुटतो आणि पळ काढतो. पुढे एका अनोळखी जपानी सैनिकासाठी परक्या परिचारिका प्रार्थनागीत म्हणताना त्याच्या कानावर पडतं, आणि चोरलेलं चीवर त्याला खरंच अंगाला चिकटल्यासारखं होतं.

चर्चेत एक प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच सांगतो. बर्मातल्या थेरवादी पंथाच्या भिक्खूला वाद्य वाजवणं शीलात बसत नाही, मग भिक्खूच्या वेशातला मिझुशिमा हार्प कसा वाजवतो? प्रश्न रास्त आहे. ताकेयामा बर्मात कधी गेलेच नव्हते, आणि कादंबरी लिहिली मुलांसाठी. जपानी सैन्याने बर्मी लोकांचं काय केलं यावरही चित्रपट जवळजवळ गप्पच आहे. हे दोन्ही मुद्दे वक्त्याने मांडले तर चर्चा रंगते. वक्त्यासाठी चार पानांचं टिपण आम्ही प्रतीसोबत देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. १९५६ च्या चित्रपटाचं चित्रच जवळजवळ चौरस आहे. ते ताणून पडदा भरू नका, माणसं बुटकी दिसतात.

आवाज मात्र आधी तपासा, आणि तपासायचा तो गाण्यावर. कॅप्टन इनोउए संगीत शिकलेला, त्याची सगळी तुकडी सुरात गाते. त्यांचं ‘हान्यू नो यादो’ (इंग्रजी ‘होम, स्वीट होम’चं जपानी रूप) ऐकून समोरचे ब्रिटिश सैनिक त्याच चालीवर इंग्रजीत गाऊ लागतात, तिथे कर्णा फाटला तर प्रसंगच गेला. या गाण्यांचं भाषांतर आमच्या फाइलीत ओळ न ओळ आहे. इतरत्र बऱ्याचदा नुसतं ‘गाणं सुरू’ एवढंच लिहिलेलं सापडतं.

शेवटी ऑपरेटरला एक निरोप द्या. तुकडी जपानला निघाली की चित्रपट संपला असं वाटून दिवे लावले जातात. त्यानंतर बोटीवर कॅप्टन मिझुशिमाचं पत्र वाचून दाखवतो. मिझुशिमा चालत निघून जाईपर्यंत बटणाला हात लावू नका.